सेवा की वेठ? शिबिरापासून परदेशापर्यंत

गेल्या वर्षी भूम तालुक्यातील आमच्या एका नातलगांकडे गेलो होतो. थोरली मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरात दोन कागद आले होते. एक, कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा. दुसरा, एका एजंटाचा. तीन आठवडे परदेशात मुलांनी गटाने जायचे, तिथे सेवा करायची, प्रमाणपत्र घेऊन यायचे. रक्कम दीड लाख.

वडील म्हणाले, "पतसंस्थेतून कर्ज काढतो, पोरगी विमानात बसेल." आई मात्र दोन्ही कागदांवर नाराज. ती म्हणाली, "सेवा म्हणजे गाव झाडायचं ना? ते आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर केलं. त्यासाठी पोरीला शिकवलं का?"

वाचकहो, या माउलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजाकडून पिढ्यान्‌पिढ्या वेठ घेतली गेली. मग सेवा आणि वेठ यांत फरक काय? आम्हांस वाटते, वेठ जन्मावरून लादली जाते आणि ती एकाच वस्तीच्या वाट्याला येते. सेवा आपण होऊन, सर्वांनी मिळून करायची असते आणि करणारा तिच्यातून शिकतो.

याचे उदाहरण भूमच्या शेजारीच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1970 साली जामखेडला परत आले. त्यांनी गावोगावच्या बायांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतील पुष्कळ जणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या भागात 1971 च्या सुमारास हजारी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1990 च्या दशकात हा आकडा तीसच्या खाली आला. पुढे परदेशचे विद्यार्थी तुकड्या-तुकड्यांनी जामखेडला शिकायला येऊ लागले. पुस्तकात नसलेले ज्ञान त्यांना या बायांकडून मिळाले. आपली आयाबहीण गुरू आणि साहेबांची मुले शिष्य!

बाबासाहेबांचे परदेशगमनही सेवेशी बांधलेले होते. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. करार पाळायला 1917 साली ते बडोद्यात आले. पण तिथे त्यांना राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई फायली लांबून फेकीत. बडोदे सोडावे लागले, पण शिकलेली विद्या त्यांनी साऱ्या समाजाच्या कामी लावली.

म्हणून आम्ही त्या वडिलांना हिशेब मांडून दाखवला. दीड लाख कर्जाने तीन आठवडे आणि एक प्रमाणपत्र. त्या उलट, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या 75 विद्यार्थ्यांना दरवर्षी पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी ती मिळते. फी, राहण्याखाण्याचा खर्च व विमानभाडे शासन देते. केंद्राचीही अशी योजना आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाखांची. दोन्हींच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात पाहावी व समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. पदवीला चांगले गुण, इंग्रजीची तयारी, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट यांची सुरुवात पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच करावी. शेवटच्या महिन्यात धावपळ करून काही साधत नाही.

आणि शिबिर? 1969 साली सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास काम करायचे असते, शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर. घराबाहेर राहणे, परक्या माणसांशी बोलणे, गावाला काय हवे ते आधी विचारणे, हे सारे तिथे शिकायला मिळते. परदेशी जाणाऱ्याला ही शिदोरी लागतेच.

एजंटाचा कागद परत गेला. मुलगी शिबिराला गेली. आठव्या दिवशी आईने विचारले, "झाडलंस का गाव?"

"झाडलं. पण सगळ्यांनी. पाटलाच्या पोराच्या हातातही खराटा होता, आई."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मुलीला उठवले आणि म्हणाली, "जा, उत्पन्नाच्या दाखल्याचं तेवढं बघून ये."