भुताच्या गोष्टीतला हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने भुताखेतांवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आपल्या घरातली तरुण मुले रात्री जागून ज्या कोरियन मालिका पाहतात, त्यांपैकी दोघींविषयी मी आज सांगणार आहे. त्यांत युद्धातील अत्याचार आहेत आणि अंगावर काटा आणणारी भुतेही आहेत. माझे आयुष्य हजेरीपट आणि पगाराची रजिस्टरे तपासण्यात गेले. त्यामुळे मला ह्या गोष्टींत भुताच्याही आधी माणसे मोजणारी वही दिसली.

कोरियातले जुने भूत बहुधा तक्रारदार असते, हे प्रथम लक्षात घ्यावे. तिकडे जांगह्वा आणि होंगर्यॉन ह्या दोन बहिणींची लोककथा घरोघर ठाऊक आहे. सावत्र आईच्या कारस्थानाने त्यांचा जीव जातो आणि त्यांची भुते गावच्या न्यायाधिकाऱ्यापुढे उभी राहतात. एकामागून एक अधिकारी भीतीनेच मरतात. शेवटी एक धीराचा अधिकारी येतो, म्हणणे ऐकून घेतो, चौकशी करतो. मग भुते शांत होतात. त्यांना सूड नको असतो, सुनावणी हवी असते. आजच्या मालिकावाल्यांनी हाच धागा युद्धाच्या इतिहासाला जोडला आहे.

२०२३ च्या डिसेंबरात आलेली ‘ग्यॉन्गसॉन्ग क्रीचर’ ही त्यांतली एक. ग्यॉन्गसॉन्ग म्हणजे सोल शहर. १९१० ते १९४५ ह्या जपानी अमलातले त्याचे नाव. कथा १९४५ च्या वसंतातली, जपानचा पराभव तोंडावर आला असतानाची. एक तरुणी दहा वर्षांपूर्वी नाहीशी झालेल्या आईला शोधते आहे. पेढीवर वस्तू गहाण ठेवून घेणारा एक चलाख सावकार तिच्याबरोबर आहे. शोधता शोधता ती दोघे एका रुग्णालयाच्या तळघरात पोचतात. तिथे कैद्यांवर प्रयोग चाललेले असतात आणि त्यांतून एक अक्राळविक्राळ प्राणी निपजलेला असतो. तो प्राणी म्हणजेच ती आई.

रुग्णालय कल्पित, प्राणीही कल्पित. पण प्रयोग कल्पित नाहीत. मालिकेचा आरंभच मांचुरियात होतो, आणि खरी हकीकतही तिथलीच आहे. हार्बिन शहराजवळ पिंगफांग येथे जपानी सैन्याची ७३१ क्रमांकाची तुकडी होती. सरकारदरबारी तिचे नाव रोगप्रतिबंध आणि जलशुद्धीकरणाचे खाते. प्रमुख शिरो इशिई, हा शिकलासवरलेला लष्करी डॉक्टर. तिथे चिनी, रशियन, मंगोल, कोरियन कैद्यांना प्लेगचे आणि काळपुळीचे जंतू टोचीत. कडाक्याच्या थंडीत त्यांचे हातपाय गोठवीत. जिवंतपणी चिरफाड करीत. १९४९ साली खाबारोव्स्क येथे रशियनांनी चालविलेल्या खटल्यात ह्याच तुकडीच्या एका अधिकाऱ्याने जबानी दिली, की किमान ३००० माणसे अशी संपविली. १९४५ च्या ऑगस्टात रशियन फौजा आल्या, तेव्हा उरलेले कैदी मारून इमारती सुरुंगाने उडविण्यात आल्या.

ह्या कैद्यांना तिथे ‘मारुता’ म्हणत. मारुता म्हणजे लाकडाचा ओंडका. नाव नाही, गाव नाही. आज इतके ओंडके आले, इतके खर्ची पडले. आमच्याकडे एखाद्या कंत्राटदाराच्या वहीत ‘४० लेबर’ एवढेच लिहिलेले सापडते, आणि अपघात झाला म्हणजे मेला कोण हे कळायलाच दोन दिवस जातात. हार्बिनच्या मानाने ही गोष्ट काहीच नव्हे, हे मी जाणतो. पण लिहिण्याची रीत ओळखीची आहे.

ही रीत जुनीही आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानच्या हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या, १५९२ ते १५९८ ह्या काळात. दुसऱ्या स्वारीत सैनिकांनी मारलेल्या माणसांची नाके कापून, मिठात घालून जपानात धाडली. किती नाके पोचली ह्याच्या रीतसर पावत्या दिल्या जात, आणि त्या पावत्या आजही उपलब्ध आहेत. क्योटो शहरात त्या नाकांवर रचलेला ढिगारा अजून उभा आहे. त्याला म्हणतात मात्र ‘कानांचा ढिगारा’.

त्या युद्धानंतरच्या कोरियावर २०१९ साली ‘किंगडम’ ही मालिका आली. तीत मेलेले उठतात आणि जिवंतांना खातात. पण ही साथ गावात पसरते कशी? उपासमारीने खंगलेल्या रोग्यांना शिजवून दिलेल्या मांसातून. आणि ते मांस माणसाचे असते. दुसऱ्या भागात तर उघड होते, की जपान्यांशी लढायला सैन्य कमी पडले तेव्हा कोरियाच्याच सरदारांनी एका गावातले महारोगी मारविले आणि मुडदे उठवून शत्रूवर सोडले. मला ही मालिका अधिक मोलाची वाटते ती ह्यासाठी, की सगळे पाप परक्याच्या माथी मारून ती मोकळी होत नाही. उलट ‘ग्यॉन्गसॉन्ग क्रीचर’मध्ये प्राण्याच्या उड्या आणि नायकनायिकेचे प्रेम ह्यांत बराच वेळ जातो. प्राण्यावर नजर खिळली की सुई टोचणारा डॉक्टर हळूच पडद्याआड सरकतो, हा ह्या प्रकारातला मोठा धोका.

त्याच जपान-चीन युद्धात आपल्या सोलापूरचा एक डॉक्टर होता. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यातला डॉक्टर औषध शोधण्यासाठी साथीचा रोग स्वतःच्या अंगात घेतो. त्यात भूत नाही, पण ज्येष्ठ मंडळींनी हा चित्रपट घरातल्या मुलांना ‘ग्यॉन्गसॉन्ग क्रीचर’नंतर जरूर दाखवावा.

आता सुनावणीचे. प्रयोगांची टिपणे मिळावीत म्हणून अमेरिकनांनी इशिई आणि त्याच्या सहकाऱ्यांना खटल्यातून सोडले. इशिई १९५९ साली आजारपणाने मेला. २००२ साली टोकियोच्या न्यायालयाने जंतुयुद्ध झाल्याचे मान्य केले, पण चिनी वारसांना भरपाई नाकारली. ‘ग्यॉन्गसॉन्ग क्रीचर’चा दुसरा भाग २०२४ च्या सोलमध्ये घडतो आणि प्रयोग तेव्हाही चालूच असतात, ह्याचे मला नवल वाटले नाही.

सक्तीने राबविलेल्या कोरियन मजुरांची गोष्टही अशीच. जपानी पोलाद कारखान्यात राबलेल्या चौघांनी आपल्या देशात २००५ साली दावा लावला. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा कोटी वॉन देण्याचा निकाल दिला. कंपनीने पैसे दिले नाहीत; २०२३ साली कोरियन सरकारने आपल्याच एका संस्थेमार्फत ते देण्याची योजना काढली. निकाल ऐकायला चौघांपैकी एकटे ली चुन-सिक उरले होते. वय ९४. चाकांच्या खुर्चीत बसून ते न्यायालयात आले होते.