विद्युत सायकल

विद्युत सायकल (ई-सायकल) म्हणजे चालवणाऱ्याच्या पायांच्या जोराला लहान विद्युत मोटरीची साथ देणारी सायकल होय. व्यवहारात ‘ई-बाईक’ हा शब्द अशा सायकलीसाठी आणि पेडल नसलेल्या विद्युत दुचाकीसाठीही वापरला जातो. कायदा मात्र नावापेक्षा मोटरीची शक्ती आणि वाहनाचा वेग यांकडे पाहतो.

कायदेशीर स्वरूप

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटरीची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा (२५० वॅट) कमी असावी लागते. पेडल मारणे थांबताच किंवा वेग ताशी २५ किमी होताच मोटरीची मदत बंद होणे आवश्यक असते. पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक आणि योग्य ब्रेक असावे लागतात. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने या अटी प्रमाणित केल्यास ते वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यास नोंदणी, अनुज्ञप्ती व विमा लागत नाही. या मर्यादेपलीकडील विद्युत वाहनाला नोंदणी आणि हिरवी क्रमांकपट्टी आवश्यक असते.

युरोपीय संघातही २५० वॅट व ताशी २५ किमी हीच मर्यादा आहे. ताशी ४५ किमीपर्यंत साथ देणाऱ्या सायकलींना नेदरलँड्समध्ये २०१७ पासून मोपेडचे नियम लागू आहेत.

बेकायदा बदल

मोटर बदलून किंवा वेगाची मर्यादा काढून टाकून वाहन अधिक वेगवान केले, की त्याची सवलत संपते. अशा वाहनांवर कारवाई करण्याचे आदेश महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये दिले. विम्याविना अपघात घडल्यास नुकसानभरपाईचा भार मालकावर येतो. चालक अल्पवयीन असल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

लोकांची स्वीकृती

शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही रेल्वे स्थानके असली, तरी तानसा परिसरातील अनेक गावे त्यांपासून दूर आहेत. मुरबाडला तर रेल्वे नाही. स्थानक, शाळा व बाजार गाठण्यासाठी, विशेषतः चढावर, ई-सायकल सोयीची ठरते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने दुचाकीस्वारांना जुन्या मुंबई–नाशिक महामार्गाचाच आधार आहे. तेथे अवजड वाहने आणि ताशी २५ किमी वेगाची सायकल यांच्या वेगांतील तफावत धोकादायक ठरते.

सायकलस्वारांचा आक्षेप वेगळा असतो. ऑडॅक्स पद्धतीच्या दीर्घ पल्ल्याच्या उपक्रमांत सायकल केवळ स्नायूंच्या बळावर चालवावी लागते, म्हणून तेथे ई-सायकल चालत नाही. मात्र वयस्कर वा गुडघेदुखीने त्रस्त व्यक्तींना तिच्यामुळे सायकल चालवणे सुरू ठेवता येते. मोटारचालकांची अडचण अशी, की ती आवाज न करता येते आणि तिच्या वेगाचा अंदाज चुकतो. क्रमांकपट्टी नसल्यामुळे नियमात बसणारी सायकल व बदल केलेले वाहन दुरून सारखेच दिसतात; त्यामुळे काहींच्या नियमभंगाचा ठपका नियम पाळणाऱ्यांवरही येतो.