हेलसिंकीहून टोकियो किती तास?

भिंतीवरच्या नकाशात हेलसिंकी आणि टोकियो यांच्यावर पट्टी ठेवली, तर रेघ कझाकस्तान, मंगोलिया आणि चीनमधून जाते. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा उत्तरेला सरकतो आणि आर्क्टिक वृत्ताच्या आसपास सायबेरियावरून जातो. गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर हेच, सुमारे ७,८०० किलोमीटर. ताशी नऊशे किलोमीटरचा वेग आणि चढण्या-उतरण्याचा वेळ धरला, तर साधारण साडेनऊ तास. गणित इथे संपायला हवे होते.

पण दोऱ्याखालची जवळजवळ सगळी जमीन रशियाची आहे. शीतयुद्धात पश्चिम युरोपातून जपानला निघालेली बरीच विमाने सोव्हिएत हद्द टाळून अलास्कातील अँकरेजला इंधन घेत. एप्रिल १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानाने हेलसिंकी–टोकियो हा प्रवास कुठेही न थांबता सुरू केला, तो थेट उत्तर ध्रुवावरून. वेळ लागे तेरा तासांच्या आसपास. त्याच वर्षी १ सप्टेंबरला अँकरेजहून सेऊलला जाणारे कोरियन प्रवासी विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. हद्द टाळणे म्हणजे काय, हे त्यावरून कळावे.

पुढे सायबेरियाचे आकाश खुले झाले. रशिया त्यासाठी शुल्क घेई, पण वाचणारे तास त्याहून मोलाचे होते. जेमतेम ५५ लाख वस्तीच्या फिनलंडने याच जवळच्या वाटेवर आपला मोठा व्यवसाय उभा केला: युरोपातल्या प्रवाशाने हेलसिंकीत विमान बदलायचे आणि पूर्वेला जायचे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियाने उलट तेच केले. साडेनऊ तासांचे पुन्हा तेरा झाले. हेलसिंकीहून ध्रुव ३,३०० किलोमीटर, तिथून बेरिंगची सामुद्रधुनी आणखी २,७००, आणि टोकियो त्यापुढे सुमारे ४,७००. वाऱ्याचा अंदाज पाहून कधी दक्षिणेची, मध्य आशिया आणि चीनवरून जाणारी वाट धरतात, तीही लांबचीच. जादा इंधन, जादा वैमानिक, महागडे तिकीट. चिनी कंपन्यांची विमाने मात्र रशियावरून जात राहिली, त्यामुळे स्पर्धाही सारखी उरली नाही.

आपल्याला हे अनोळखी नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश बंद झाल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांना असाच वळसा पडला.

२०२२ मध्ये ध्रुव ओलांडणाऱ्या प्रवाशांना फिनएअरने तशी प्रमाणपत्रे वाटली. साडेतीन तास जास्त बसून राहिल्याचा उल्लेख, अर्थात, त्यावर नसावा.