साताऱ्याचा वकील आणि गुलामांचा कैवारी

साताऱ्याच्या गादीवर झालेल्या अन्यायाविरुद्ध लंडनमध्ये भर सभेत कोण उभे राहिले? आफ्रिकी गुलामांच्या मुक्तीसाठी ज्याने ब्रिटन आणि अमेरिका पालथी घातली होती, तो जॉर्ज थॉम्पसन! थॉम्पसनचा जन्म १८०४ सालचा, लिव्हरपूलचा. म्हणजे गुलामांच्या व्यापारावर गबर झालेल्या बंदरातला. त्याचा आणि कृष्णाकाठचा संबंध कसा जुळला, हे उलगडत गेले की मन थक्क होते.

५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, कंपनीचे शिपाई फितवले, असे आरोप होते. गुन्हा कबूल केला तर गादी राहील, असे मुंबईचे गव्हर्नर कार्नाक यांनी सुचवले. महाराज नमले नाहीत. त्यांची रवानगी काशीला झाली. त्यांचे राज्य नीरेपासून वारणेपर्यंत पसरलेले होते. वाळव्यासारखा जो मुलूख आज सांगली जिल्ह्यात मोडतो, तोही त्यात होता. सातारा जिल्हा विभागून ‘दक्षिण सातारा’ झाला तो १९४९ मध्ये, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० मध्ये.

महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. शिवरायांचे सहकारी दादाजी नरसप्रभू यांच्या घराण्यातले हे रोहिडखोऱ्याचे देशपांडे. १८४० ते १८५३ एवढा काळ ते लंडनमध्ये तळ ठोकून राहिले. पैशाची चणचण, परकी भाषा, परकी हवा, आणि समोर प्रत्यक्ष कंपनी!

पण लंडनमध्ये त्यांच्या आधीच एक वाट तयार झाली होती, आणि ती तयार करण्यात आफ्रिकी माणसांचा मोठा हात होता. गुलामीतून स्वतःला सोडवून घेतलेल्या ओलाउडा इक्वियानोने १७८९ मध्ये लंडनमध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि ते घेऊन तो ब्रिटनभर फिरला. १८३१ मध्ये मेरी प्रिन्सची कहाणी छापली गेली. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेले कृष्णवर्णीय स्त्रीचे ते पहिले जीवनकथन. ज्यांच्या चहातली साखर गुलामांच्या श्रमातून येत होती, त्यांना या माणसांनी आपले दुःख आपल्या तोंडाने ऐकवले. त्यातून जाहीर सभा, घरोघर सह्या घेतलेले अर्ज, पत्रके, साखरेवरचा बहिष्कार अशी लोकमत घडवण्याची नवी साधने उभी राहिली. १८३३ मध्ये कायदा झाला. साम्राज्यातल्या सुमारे आठ लाख माणसांच्या सुटकेचा मार्ग त्याने खुला केला. भरपाईचे दोन कोटी पौंड मात्र मालकांच्या खिशात गेले.

कायद्यानंतर थॉम्पसन थांबला नाही. अमेरिकेतली गुलामी कायम होती आणि तिथल्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत होत्या. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक विलक्षण धागा पकडला. हिंदुस्थानातला शेतकरी सारावसुलीच्या जाचातून सुटला आणि त्याचा कापूस विलायतेला पोहोचला, तर गुलामांनी पिकवलेल्या कापसाची बाजारपेठ आटेल. एकाचा फास सैल झाला की दुसऱ्याचाही होईल! याच विचाराने जुलै १८३९ मध्ये लंडनमध्ये ‘ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापन झाली, आणि दोनच महिन्यांत प्रतापसिंहांची गादी गेली.

ईस्ट इंडिया हाऊसमध्ये भागधारकांच्या सभा भरत. तिथे थॉम्पसनने प्रतापसिंहांची बाजू मांडली. उटी वसवणारे जॉन सुलिव्हन यांनीही मांडली. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम बोलले. एका रानासाठी खणलेल्या पाटाचे पाणी शेजारच्या शिवारालाही मिळावे, तसे झाले. मे १८४६ मध्ये गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस लंडनच्या फिन्सबरी चॅपलमध्ये बोलला. त्याच शहरात तेव्हा रंगो बापूजी साताऱ्याची कैफियत घेऊन दारोदार फिरत होते, आणि थॉम्पसन दोघांचाही पाठीराखा होता. मेरीलँडचा गुलाम आणि मावळातला देशपांडे, दोघांचे म्हणणे एकाच माणसाला आपलेसे वाटावे, ही साधी गोष्ट नाही.

न्याय मात्र मिळाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. १८५३ मध्ये रंगो बापूजी परतले. १८५७ च्या उठावात ते इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. पण त्यांचा मुलगा सीताराम पकडला गेला. ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला गेला, त्यांत तोही होता.

विचार मात्र खालसा झाला नाही. खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुल्यांच्या पूर्वजांचे गाव. १८७३ मध्ये फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केले. इथल्या शूद्रातिशूद्रांचे दुःख आणि अटलांटिकपलीकडचे दुःख त्यांनी एकाच मापाने मोजले.

दोन समाजांना एकमेकांची खरी ओळख होते ती एकाने दुसऱ्याचे गाऱ्हाणे आपले मानून मांडले की. म्हणून गेंडामाळावर विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शिक्षकांनी रंगो बापूजींच्या जोडीला इक्वियानोचे नावही आवर्जून सांगावे. त्याने विलायतेला ऐकायची सवय लावली नसती, तर साताऱ्याच्या वकिलाला तिथे श्रोते मिळणे फार कठीण झाले असते.