निळू फुले : पडद्यावरचा पाटील आणि पडद्यामागचा माणूस

(खुटबाव, ता. दौंड येथील व्याख्यानाच्या एका भागाचे शब्दांकन)

निळू फुले म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? तिरकी टोपी, बारीक केलेले डोळे आणि तो घोगरा आवाज. नकलाकारांनी तर त्यांना कायमचं ‘वाड्यावर’ नेऊन बसवलंय. (हशा)

पण हा माणूस वाड्यातला नव्हताच. पुण्यात वानवडीला लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं ते माळी होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून गावोगाव फिरले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं आणि 1968 साली अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त ते झेलेअण्णा झाले. तिथून सिनेमाची वाट सुरू झाली.

आता मुद्द्याचं बोलू. त्यांचा खलनायक इतका अंगावर का येतो? कारण तो ओरडत नाही. ज्याच्या हातात खरी सत्ता असते त्याला आवाज चढवायची गरजच पडत नाही, हे निळूभाऊंना नेमकं उमगलं होतं. सत्ता त्यांनी खालून पाहिली होती ना.

‘सामना’ आठवा. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. 1975 साली तो बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखान्याचा कर्ताधर्ता. डॉ. श्रीराम लागूंच्या दारुड्या मास्तरला तो स्वतःच्या घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटतं! आणि मास्तर मात्र एकच विचारत राहतो, गावातून नाहीसा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं? त्यावेळी निळूभाऊंचा चेहरा बघा. आदरातिथ्य तेच, पण डोळे बदलतात. आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं, आपल्याला हे समजावून सांगायला नको.

बरं, ते एकाच साच्यात अडकले असंही नाही. रंगभूमीवर त्यांनी ‘सखाराम बाइंडर’ केला. त्या नाटकावर बंदी आली, कोर्टापर्यंत लढाई गेली. 1979 च्या ‘सिंहासन’मध्ये ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. मंत्र्यांचं राजकारण जवळून बघता बघता शेवटी त्या माणसाचं भानच सुटतं. म्हणजे ‘सामना’त सत्ता गाजवणारा आणि ‘सिंहासन’मध्ये ती बघून हादरणारा, दोन्ही तेच.

पडद्याबाहेर ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग झाले, त्यातही निळूभाऊ आणि डॉ. लागू होते. 13 जुलै 2009 रोजी निळूभाऊ गेले.

मला एवढंच सांगायचंय. थेटरात आपण हिंदुरावाला शिव्या घातल्या आणि बाहेर येऊन तशाच एखाद्याच्या गळ्यात हार घातला. निळूभाऊंनी सत्तेचा चेहरा आपल्याला जवळून दाखवला, त्यांचं काम त्यांनी चोख केलं. नक्कल जरूर करा, मजा येते. पण घरी गेल्यावर एकदा ‘सामना’ पोरांना सोबत घेऊन बघा. मास्तरचा तो प्रश्न विचारायची हिंमत त्यांच्यात आली, तर निळूभाऊ आपल्याला कळले असं मी समजेन.