घर जुनंच की बिऱ्हाड नवं?

पनवेलच्या खांदा कॉलनीत बाल्कनीतल्या कुंडीला किंवा कपड्यांच्या दोरीला लोंबणारं शिंजीराचं घरटं रिकामं झालं, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, राहू दे, ती परत येईल. दुसरा झाडू घेऊन उभा. यातलं ‘ती’ अगदी बरोबर आहे. कोळिष्टकं, तंतू आणि सालीचे कपटे जोडून जांभळ्या पाठीच्या शिंजीराचं घरटं मादीच विणते. नर आसपास मिरवतो. जुनं घरटं ती कधीकधी पुन्हा वापरते, पण दरवेळी नाही.

कारण उष्ण प्रदेशात अंडी-पिल्लं पळवणारे फार. कावळा, मांजर, साप, सरडा, कोणीही. एकदा सापडलेली जागा शिकारी पुन्हा धुंडाळू शकतो, म्हणून वीण फसली की मादीनं जागा बदलणं शहाणपणाचं. पिल्लं सुखरूप उडाली, तर तिथेच राहण्यात श्रम वाचतात. मात्र जुन्या अस्तरात पिसवा-गोचिडांची वस्ती असू शकते. आणि पुढच्या वर्षी आलेली मादी तीच, हे पायात रंगीत कडी घातल्याशिवाय सांगता येत नाही. आपण उगीच ‘आमची चिमणी आली’ म्हणत असतो.

सुगरणीकडे हिशेब वेगळा. इथून फार लांब नसलेल्या अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींची वसाहत न्याहाळली. नर अर्धवट घरटी विणून ठेवतात, माद्या येऊन ती तपासतात, पसंत पडलं तर ताबा घेतात. मग नर ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो, हे त्यांना तिथे उमगलं. पण मादी पाहते काय? पक्षी-अभ्यासक सुहेल क्वादर यांच्या २००६ मधल्या अभ्यासात विणकामापेक्षा जागेचं वजन जास्त निघालं: काटेरी बाभूळ, उंची, जाड फांदी. म्हणजे कारागिरीचं कौतुक आपल्यालाच अधिक! दर पावसाळ्यात हिरवं गवत मुबलक आणि विणणारे नर हजर, मग मादीनं जुन्या वाळक्या घरट्याला कशाला चिकटावं? त्यात पुढे मुनिया बिऱ्हाड करतात.

धनेशाच्या मादीला ही चैन नाही. एवढी मोठी चोच, पण तिनं खोड कोरता येत नाही. कुजून झालेली किंवा सुतार पक्ष्यानं पाडलेली ढोली मिळाली तर मिळाली. त्यामुळे चांगली ढोली वर्षानुवर्षं वापरात राहते. मादी आत शिरून विष्ठेनं तोंड लिंपते, फक्त फट ठेवते. नर त्यातून फळं भरवतो. आत असतानाच तिची उडण्याची पिसं झडतात. ढोली सुटते ती बहुधा नाइलाजानं: साल वाढून तोंड अरुंद होतं, तळ कुजून खचतो, मधमाश्या किंवा घोरपड आत ठाण मांडते, नाहीतर झाडच पडतं.

पनवेल परिसरात दिसणाऱ्या राखी धनेशाची वीण उन्हाळ्यात असते, आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणीही त्याच सुमारास निघते. शिंजीराचं रिकामं घरटं काढलं तर मादी दुसरं विणेल. पोकळ खोडाचं जुनं झाड मात्र तोडण्याआधी काही दिवस खालून पाहावं: धनेशाचा नर पुन्हापुन्हा त्याच फटीशी येऊन चोच आत घालत असेल, तर आत उडता न येणारी मादी आहे.