रिकाम्या टाकीचा धोका

मोटारसायकलचें रूप पुष्कळ अंशीं तिच्या पेट्रोलच्या टाकीवर अवलंबून असतें. अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीनें १९४८ सालीं १२५ सी.सी.च्या हलक्या गाडीवर भुईमुगाच्या शेंगेसारखी इवलीशी टाकी बसविली. १९५८ सालीं स्पोर्टस्टर या दणकट गाडीच्या एका नमुन्यावरही तीच धाटणी आली. पुढें ती टाकी हौशी लोकांच्या ‘चॉपर’ गाड्यांची एक खूणच झाली. या शोभेची किंमत एवढीच, कीं तींत जेमतेम ८ लिटर पेट्रोल मावतें.

परंतु जुनी टाकी कापून अरुंद वा लांब करावयाची, तर वेल्डिंग आलेंच. आणि येथें रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक ठरते. पेटतें तें द्रवरूप पेट्रोल नव्हे, तर त्याची वाफ. हवेंत तिचें प्रमाण शेंकडा सुमारें १.४ ते ७.६ असलें, कीं एका ठिणगीसरशी स्फोट होतो. भरलेल्या टाकींत हवेस जागाच थोडी. रिकाम्या टाकींत मात्र सांध्यांत व गंजांत दडलेले थोडेसे थेंबही पुरतात. वाफ हवेहून जड असल्यामुळें नुसतें झांकण उघडून ती जात नाहीं.

म्हणून जाणता कारागीर साबणाच्या गरम पाण्यानें टाकी वारंवार धुतो, आंत आर्गॉनसारखा निष्क्रिय वायु सोडतो आणि मगच वेल्डिंगला हात घालतो. ज्यास हें साधत नाहीं, त्यानें पेट्रोलचा स्पर्शही न झालेली नवी टाकी घ्यावी व आपली हौस रंगावर भागवावी.